मुंबईत समुद्र बघायला निघालाय? मग घड्याळ नंतर, आधी तिथी बघा!

सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरलेलं सोलापूरचं एखादं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दिवस पौर्णिमेचा. नाश्ता झाला, गेटवे झालं, आणि टॅक्सी करून मंडळी भर दुपारी बारा वाजता हाजीअलीला पोचली. बघतात तर दर्गा समोर दिसतोय, पण तिथे जाणारी वाटच पाण्याखाली! "आज बंद आहे का हो?" असं विचारलं की तिथला फुलवाला शांतपणे सांगतो, "बंद नाही, भरती आहे. दोन-तीन तासांनी या."

आता दोन-तीन तास रस्त्यावर काढायचे कुठे? शेवटी दुरूनच हात जोडून, फोटो काढून मंडळी पुढे जातात. संध्याकाळी सहा वाजता तीच वाट कोरडी असते. तिच्या दोन्ही बाजूंचे काळे खडक उघडे पडलेले असतात आणि त्यावरून पोरं उड्या मारत असतात.

मुंबईतल्या समुद्राकाठच्या जागांची यादी इंटरनेटवर ढिगाने मिळते. मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, बँडस्टँड, जुहू ही नावं तर सगळ्यांनाच पाठ आहेत. पण कुठली जागा कधी बघायची, हे त्या यादीत नसतं. आणि मुंबईत सगळा खेळ त्या 'कधी'चाच आहे.

पाऊणपटीचं गणित

मुंबईच्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास जातात. पण ही वेळ रोज तीच नसते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते.

यावर कोकण किनाऱ्यावर एक सोपा हिशेब पूर्वीपासून चालत आलाय. सागरी किल्ले बघायला जाणारे भटके आजही तो वापरतात. त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, फरक पडत नाही.

उदाहरणार्थ, चतुर्थी आहे. चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी कळली, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. दिनदर्शिका प्रत्येक मराठी घरात भिंतीवर असतेच. म्हणजे भरतीचं वेळापत्रकही घरातच आहे, फक्त ते वाचता आलं पाहिजे.

अर्थात हा ढोबळ हिशेब झाला. भरती रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्तच पुढे जाते. त्यामुळे पंधराव्या तिथीपर्यंत फरक साठत जातो. गणिताने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला यायला हवी, प्रत्यक्षात ती मुंबईत बाराच्या आसपास येते. म्हणून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चाला, आणि पाण्याजवळ जाणार असाल तर त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाईलवर नक्की बघा.

आता दुसरी गोष्ट, पाणी किती चढणार? पौर्णिमा आणि अमावस्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र झाल्याने भरती मोठी येते आणि ओहोटीला पाणीही खूप लांब जातं. याला म्हणतात उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ वेगवेगळ्या दिशांना असते, म्हणून पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. हा झाला भांग.

या दोन गोष्टी जोडल्या की मुंबईचं एक गुपित कळतं. सगळ्यात मोठ्या भरत्या इथे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येतात, तर सगळ्यात मोठ्या ओहोट्या सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला सूर्यास्ताच्या वेळी समुद्र सगळ्यात मागे गेलेला असतो. वाळूत, खडकांत फिरायचं तर यापेक्षा चांगली वेळ नाही.

पण समुद्र भिंतीवर येऊन आदळतो का?

कारण बऱ्याच ठिकाणी ती जागा मुळात त्याचीच होती.

आजची दक्षिण मुंबई म्हणजे एके काळची सात बेटं. भरतीला त्यांच्यामधल्या खाड्यांतून पाणी आत शिरायचं. अठराव्या शतकात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली मोठी खिंड बांध घालून बुजवली गेली. हाच तो हॉर्नबी वेलार्ड. हाजीअलीसमोरचा आजचा वाहता रस्ता साधारण तिथेच आहे.

मरीन ड्राइव्हची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॅकबे भराव योजना सुरू झाली. समुद्रात भिंत घालायची, आत गाळ ओतायचा आणि जमीन करायची, असा बेत होता. पण ओतलेला गाळ भिंतीतून परत समुद्रात निघून जाऊ लागला. खर्च वाढत गेला, लोक या योजनेला 'लॉईडचा मूर्खपणा' म्हणू लागले.

या कारभारातल्या भ्रष्टाचारावर एका तरुण पारशी वकिलाने बोट ठेवलं. एका इंग्रज इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, पण वकीलसाहेब निर्दोष सुटले. त्यांचं नाव खुर्शेद फ्रामजी नरिमन. आज ज्यांच्या नावाने नरिमन पॉइंट ओळखला जातो, तेच हे नरिमन. आणि गंमत म्हणजे नरिमन पॉइंट हाही नंतर समुद्रात भराव टाकूनच तयार झालाय!

योजना ठरली होती तेवढी काही पूर्ण झाली नाही, पण मुंबईला मरीन ड्राइव्ह मिळाला. तो बांधणाऱ्यांमध्ये रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर यांचं नाव घेतलं जातं. रत्नागिरीतलं पतितपावन मंदिर उभारणारे ते हेच.

भरतीला कुठे जायचं?

भरतीच्या वेळी वाळू आणि खडक पाण्याखाली असतात. म्हणून तेव्हा उंचावरच्या किंवा भिंतीमागच्या जागा गाठायच्या.

पहिला नंबर मरीन ड्राइव्हचा. चर्चगेट स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. तिकीट नाही, गेट नाही. कट्ट्यावर कॉलेजची पोरं, रिटायर्ड आजोबा आणि दिवसभर फिरून थकलेला सेल्समन शेजारीशेजारी बसलेले असतात. कट्ट्याच्या पलीकडे ते चार पायांचे सिमेंटचे दगड दिसतात, त्यांना टेट्रापॉड म्हणतात. १९५० मध्ये फ्रान्समध्ये त्यांचा शोध लागला. लाट सपाट भिंतीवर पूर्ण ताकदीने आदळते, पण टेट्रापॉडच्या फटींमध्ये शिरली की फुटते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. ते बसायला ठेवलेले नाहीत. शेवाळाने गुळगुळीत असतात आणि पाय घसरला तर माणूस थेट फटीत जातो, तिथून बाहेर काढणं अग्निशमन दलालाही अवघड होतं.

इथे समुद्राकडे पाठ करूनही पाच मिनिटं बसा. समोरच्या इमारतींचे गोल कोपरे, पट्ट्यापट्ट्यांच्या बाल्कन्या ही आर्ट डेको शैली. मरीन ड्राइव्हची ही पहिली रांग आणि ओव्हल मैदानाचा परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

दुसरी जागा मलबार हिल. वर हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान आहे. ही बाग पाण्याच्या टाकीवर वसलेली आहे, म्हणजे आपण चालतो तेव्हा पायाखाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी असतं. समोर कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट. तिथून मरीन ड्राइव्हचा अख्खा वळसा दिसतो. २०२५ मध्ये इथे जवळपास अर्ध्या किलोमीटरचा उन्नत निसर्ग मार्ग सुरू झाला. झाडांच्या उंचीवरून लाकडी वाटेने चालत समुद्र बघता येतो. सुरू झाला तेव्हा तिकीट २५ रुपये होतं, आणि ऑनलाइन बुकिंग करून गेलेलं बरं.

त्याच टेकडीच्या दुसऱ्या टोकाला बाणगंगा आहे. शिलाहारांच्या काळातला हा तलाव १७१५ मध्ये रामा कामत यांनी पुन्हा बांधला. समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर, तरी तलावाचं पाणी गोडं, कारण खाली जिवंत झरा आहे. रामाने बाण मारून गंगा आणली, अशी कथा आहे. कथा माना किंवा मानू नका, भर दुपारी त्या पायऱ्यांवर बसल्यावर आपण मुंबईत आहोत हे विसरायला होतं.

तिसरी आणि सगळ्यात नवी जागा म्हणजे कोस्टल रोडच्या कडेचा पादचारी मार्ग. ऑगस्ट २०२५ मध्ये याचा सव्वापाच किलोमीटरचा टप्पा लोकांसाठी खुला झाला. जायचं कसं, हा प्रश्न बहुतेकांना पडतो, कारण मध्ये वेगाने गाड्या धावत असतात. त्यासाठी रस्त्याखालून भुयारी मार्ग केलेत. सावली मात्र अजून कमी आहे, म्हणून ऊन उतरल्यावरच जा.

ओहोटीला कुठे जायचं?

गिरगाव चौपाटी चर्नी रोड स्टेशनच्या समोरच आहे. ओहोटीला वाळू रुंद होते आणि लहान मुलांना मोकळं सोडता येतं. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळकांवर इथेच अंत्यसंस्कार झाले. त्यांचा पुतळा आज तिथे उभा आहे. भेळ खाताना तिकडेही नजर टाका.

भरती-ओहोटी कोणालाच सोडत नाही, हे याच चौपाटीवर २०२५ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून लालबागचा राजा सकाळी चौपाटीवर पोचला, पण भरतीमुळे मूर्ती तराफ्यावर चढवता येईना. पाणी उतरेपर्यंत थांबावं लागलं आणि विसर्जन ७ सप्टेंबरच्या रात्री झालं.

हाजीअलीची वाट ओहोटीला उघडते. आजूबाजूच्या खडकांमधल्या पाण्याच्या डबक्यांत नीट बघितलं तर खेकडे, शंख आणि फुलासारखे दिसणारे समुद्री जीव सापडतात. दोन कोटींच्या शहराला खेटून हे सगळं जगतंय, यावर पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. बघा, फोटो काढा, पण काही उचलू नका आणि खडक उलटे करू नका. पाणी परत यायला लागलं की आधी निघा.

जुहू आणि वर्सोवाही ओहोटीचेच किनारे. वर्सोव्याला २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी किनारा साफ करायला सुरुवात केली आणि हळूहळू शेकडो लोक जोडले गेले. २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. जिथे कचऱ्यात वाळू शोधावी लागायची, तिथे ही गोष्ट घडली.

पूर्वेकडे शिवडीला मात्र वेगळा हिशेब लागतो. हिवाळ्यापासून मेपर्यंत तिथे चिखलात फ्लेमिंगो उतरतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, पक्षी निघून जातात. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब जातात की नुसते गुलाबी ठिपके दिसतात. म्हणून ओहोटी संपून पाणी चढायला लागतं, ती वेळ पकडायची. पाणी पुढे येतं तसे पक्षीही काठाकडे सरकतात.

गेटवेवरून घारापुरी

घारापुरीची लेणी बघायला गेटवेवरून बोट मिळते, साधारण तासाभराचा प्रवास आहे. सोमवारी लेणी बंद असतात, हे न बघता आलेली माणसं दर आठवड्याला गेटवेवर भेटतात. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची प्रवासी बोटीला धडक बसली आणि अनेकांचा जीव गेला. त्यामुळे बोटीत चढल्यावर पहिलं काम फोटो काढणं नाही, लाइफ जॅकेट घालणं. मुलांच्या मापाचं जॅकेट नसेल तर ते मागून घ्या, लाजू नका.

पावसाळ्यात काय बदलतं?

पावसाळ्यातली मुंबई बघायची हौस सगळ्यांनाच असते आणि अपघातही याच दिवसांत जास्त होतात. नैऋत्येचा वारा लाटांना जोर देतो आणि त्यात उधाणाची भरती आली की समुद्र भिंत ओलांडतो. पाणी साडेचार मीटरच्या वर जाणारे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती यादी मोबाईलमध्ये ठेवा.

अशा दिवशी शहर का तुंबतं, त्याचंही उत्तर भरतीतच आहे. पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. भरतीला समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर येते, मग पाणी बाहेर जायलाच वाट नाही. हाजीअलीसारख्या ठिकाणी त्यासाठी मोठे पंप बसवावे लागलेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरती आली, आणि पुढे काय झालं ते मुंबईकर आजही विसरलेले नाहीत.

वांद्र्याचं बँडस्टँड हे पावसाळ्यातलं सगळ्यात फसवं ठिकाण. ओहोटीला खडक लांबपर्यंत उघडे असतात, माणूस बोलत बोलत पुढे जातो. पाणी समोरून येताना दिसतं, पण ते बाजूच्या खाचांतून मागेही शिरत असतं. परतीची वाट आधी जाते आणि मग लाट येते. जुलै २०२३ मध्ये इथे खडकावर बसून फोटो काढणाऱ्या जोडप्यातली बाई मुलांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. तो व्हिडिओ अनेकांच्या मोबाईलवर फिरला. त्याच्याही सात वर्षं आधी, २०१६ मध्ये, मुंबई पोलिसांनी शहरातल्या काही जागा 'नो सेल्फी झोन' म्हणून जाहीर केल्या होत्या, त्याही इथल्याच एका दुर्घटनेनंतर.

बँडस्टँड बघायचंच असेल तर वरचा फुटपाथ आहे, शेजारी वांद्र्याचा किल्ला आहे. १६४० मधला हा पोर्तुगीज किल्ला आहे आणि तिथून सी लिंक समोर दिसतो. फोटो खडकांपेक्षा तिथून चांगला येतो.

जुहूला पावसाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, निळ्या फुग्यासारखा दिसणारा ब्लूबॉटल. वाळूत मेल्यासारखा पडलेला असला तरी त्याचे धागे डंख मारतात. मुलांना अनवाणी सोडू नका.

ज्यांना तिथी बघावी लागत नाही

वरळी किल्ल्याच्या पायथ्याशी कोळीवाडा आहे. इथल्या माणसांना उधाण आणि भांग शिकवावा लागत नाही, होडी कधी काढायची हे त्यावरच ठरतं. कोस्टल रोडचा पूल त्यांच्या बंदरासमोरून जाणार होता, तेव्हा दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. कोळ्यांचं म्हणणं होतं की वारा आणि पाण्याचा जोर असताना एवढ्या फटीतून होडी काढली तर ती खांबावर आपटेल. इंजिनिअर म्हणत होते, अंतर पुरेसं आहे. वाद बराच काळ चालला, काम अडलं, आणि शेवटी अंतर १२० मीटर करायचं ठरलं.

पुढच्या वेळी त्या पुलावरून गाडीतून जाल तेव्हा खाली बघा. ती मोठी फट कोळ्यांनी भांडून मिळवलेली आहे.

मग एका दिवसाचा प्लॅन कसा करायचा?

समजा तुम्ही चतुर्थीला आलात. ओहोटी सकाळी नऊला, भरती दुपारी तीनला. सकाळी नऊच्या आधीच हाजीअली गाठा, खडक बघा, दर्ग्यात जाऊन या. ऊन चढलं की मलबार हिलची झाडी आणि बाणगंगा. चारच्या सुमारास मरीन ड्राइव्ह, पाणी अजून भिंतीजवळ असेल. तिथून चालत गिरगाव चौपाटीला गेलात की सूर्यास्तापर्यंत वाळू उघडी पडू लागते.

आणि पौर्णिमेला आलात तर उलटं. दुपारी बाराला मरीन ड्राइव्हच्या लाटा, पण पावसाळा असेल तर रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून. दुपार मलबार हिलवर. साडेपाचला हाजीअली किंवा गिरगाव.

सोलापूरच्या त्या कुटुंबाचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी गाडीची वेळ बघितली होती, हॉटेलची वेळ बघितली होती, फक्त समुद्राची बघायची राहिली. पुढच्या वेळी तिकीट काढताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवा, तिथी वाचा आणि पाऊणपट करा. आजीला विचारलंत तर ती तोंडीच सांगेल.